काचपट्टीवरील साक्ष

सन १८८२ सालीं पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत एक लहानसें पुस्तक छापून निघालें. लेखिका बुलढाण्याच्या, नांव ताराबाई शिंदे, पुस्तकाचें नांव 'स्त्री-पुरुष तुलना'. आदल्या वर्षीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या एका विधवेवर आपल्या नवजात अर्भकाची हत्या केल्याबद्दल खटला होऊन तिला प्रथम फांशीची शिक्षा सांगितली गेली होती. त्या निमित्तानें वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या अनीतीवर जें तोंडसुख घेतलें जात होतें, त्याला हें उत्तर होतें. पुस्तकांतला मुख्य प्रश्न साधा आहे. जे दोष स्त्रियांच्या माथीं मारले जातात ते पुरुषांच्या ठिकाणीं नाहींत काय, आणि असल्यास दंड एकीलाच कां? ताराबाईंचे वडील बापूजी हरि शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत हेडक्लार्क होते व सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलगी लिहावयास शिकली, आणि लिहिती झाली. पुस्तकाची निंदा झाली. जोतीराव फुल्यांनीं १८८५ सालीं 'सत्सार' मध्यें ताराबाईंची बाजू घेतली. आणि पुढें तें पुस्तक जें विस्मृतींत गेलें तें स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं पुनः छापून काढीपर्यंत जवळजवळ नाहींसेंच झालें होतें.

या पुस्तकाची आठवण आम्हांला अलीकडे एका निराळ्याच वाटेनें झाली. ती वाट प्रयोगशाळेंतून जाते, आणि वाचकांस प्रारंभीं कदाचित् ती अवघड वाटेल. बुलढाणें जिल्ह्यांत काय किंवा महाराष्ट्रांतील कोणत्याहि जिल्ह्यांत काय, कापूस वेंचणाऱ्या किंवा सोयाबीन सोंगणाऱ्या बायकांच्या घोळक्यांत, आणि तितक्याच प्रमाणांत सुशिक्षितांच्या माजघरांतहि, एक तक्रार दबल्या आवाजांत बोलली जाते. 'अंगावरून पांढरें जातें' एवढेंच तिचें नांव. कोणी तिला धुपणी म्हणतात, वैद्यकीय ग्रंथांत तिला श्वेतप्रदर म्हटलें आहे. हा एक रोग नव्हे. अनेक कारणांचें एकच चिन्ह आहे. थोडासा स्त्राव तर निरोगी शरीराचाच धर्म होय. परंतु कधीं तो बुरशीमुळें असतो, कधीं योनिमार्गांतील जंतूंचा समतोल बिघडल्यामुळें, कधीं परम्यासारख्या रोगामुळें, आणि पुष्कळदां 'ट्रायकोमोनास' नांवाच्या एका सूक्ष्म परोपजीवी प्राण्यामुळें. हा शेवटचा प्राणी स्त्री-पुरुषसंबंधांतून एकाच्या शरीरांतून दुसऱ्याच्या शरीरांत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें एकट्या २०२० सालीं १५ ते ४९ वर्षें वयाच्या १५ कोटी ६० लक्ष माणसांना त्याची नव्यानें बाधा झाली. इतका सार्वत्रिक असूनहि घरोघर ज्याचें नांव ठाऊक नाहीं असा हा रोग आहे.

असा विषय कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत आणावा कीं नाहीं, याचा आम्हीं विचार केला नाहीं असें नाहीं. परंतु मराठी मासिकांना हा विषय अगदींच परका नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविलें आणि त्याबद्दल त्यांना न्यायालयाची पायरीहि चढावी लागली. त्यांनीं सोसलें तें आम्हांला सोसावें लागणार नाहीं. तेव्हां संकोच आम्हीं कशाला करावा?

या प्राण्याचा इतिहास पॅरिसमध्यें सुरू होतो. आल्फ्रेड डोने नांवाचा एक फ्रेंच वैद्य होता. सूक्ष्मदर्शक यंत्र हें त्या काळच्या पुष्कळ वैद्यांना श्रीमंतांचें खेळणें वाटे. डोनेला तें रोगनिदानाचें साधन वाटत होतें, व त्याचा अभ्यास तो विद्यार्थ्यांना शिकवीत असे. रुग्ण स्त्रियांच्या स्त्रावाचा ताजा थेंब तो यंत्राखालीं पाहूं लागला, तों त्यांत त्याला वळवळणारे जीव दिसले. १८३६ सालीं त्यानें ही गोष्ट पॅरिसच्या विज्ञान अकादमीस कळविली. दोन वर्षांनीं एहरेनबेर्ग या जर्मन शास्त्रज्ञानें त्या जीवाला जें नांव दिलें तेंच थोड्या फरकानें आजतागायत चालू आहे. याच डोनेनें पुढें लेऑं फूको या पदार्थविज्ञानवेत्त्याच्या साह्यानें यंत्रांतून दिसणाऱ्या दृश्यांचीं छायाचित्रें घेऊन १८४५ सालीं त्यांचा चित्रसंग्रह छापला. आज आपण प्रयोगशाळेंत जी परीक्षा करितों ती मूलतः डोनेचीच आहे. पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळांत तिच्यांत फारसा फरक पडलेला नाहीं.

मात्र शोध लागला म्हणजे त्याचा उपयोग झाला असें होत नाहीं. पुढें कित्येक दशकें वैद्यांची समजूत अशी राहिली कीं हा प्राणी स्त्रीच्या शरीरांतला एक निरुपद्रवी भाडेकरू आहे. तो तेथें असला काय, नसला काय, सारखेंच. १९१६ सालीं हेने नांवाच्या जर्मन वैद्यानें या प्राण्यामुळें होणारा दाह हा एक स्वतंत्र रोग होय असें मांडलें, तेव्हां डोनेच्या शोधाला ऐंशी वर्षें झालीं होतीं. ज्या बायकांनीं मधल्या काळांत हा दाह सोसला त्यांना तो निरुपद्रवी आहे काय, असें कोणीं विचारलें असतें तर ऐंशी वर्षें लागलीं नसतीं, असें आम्हांला वाटतें.

येथें ताराबाईंच्या काळाकडे पुनः एकदां वळलें पाहिजे. कारण त्या लिहीत होत्या त्याच सुमारास या देशांत गुप्तरोगांच्या तपासणीचा एक कायदा चालू होता. १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा हा त्याचें नांव. गोऱ्या फौजेंत गरमी-परम्याचा प्रादुर्भाव फार, म्हणून लष्करी छावण्यांत व मोठ्या शहरांत वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची नांवनिशी नोंद करावयाची, ठराविक मुदतीनें त्यांची सक्तीची तपासणी करावयाची, आणि रोग आढळल्यास त्यांना 'लॉक हॉस्पिटल' नांवाच्या इस्पितळांत कोंडून ठेवावयाचें, अशी ही योजना होती. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांवर या कायद्यानें तपासणीचें कसलेंच बंधन घातलें नाहीं. इंग्लंडांत असाच कायदा होता. जोसेफीन बटलर या बाईंनीं त्याविरुद्ध वर्षानुवर्षें चळवळ केल्यावर तो तेथें १८८६ त रद्द झाला, व हिंदुस्थानांतला १८८८ त. ती तपासणी डोळ्यांनीं होई, यंत्रानें नव्हे. परम्याच्या जंतूचा शोधच मुळीं १८७९ चा, आणि तोहि इकडच्या इस्पितळांत लगेच थोडाच पोंचला असेल! म्हणजे काय, तर जो रोग ओळखण्याचें साधन हातीं नव्हतें त्याकरितां स्त्रियांना कोंडीत होते, आणि डोनेनें ज्याचें साधन दिलें होतें तो रोग कोणी रोग मानीत नव्हतें. 'स्त्री-पुरुष तुलना' त हा कायदा आला आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या पुस्तकांतल्या प्रश्नाला याहून नेमका पुरावा सरकारी दप्तरांत शोधूनहि सांपडला नसता.

या प्राण्याच्या बाबतींत मात्र निसर्गानेंच ती तुलना अधिक अवघड करून ठेविली आहे. स्त्रीच्या ठिकाणीं तो दाह, कंड, दुर्गंधी, पिवळसर-हिरवट फेंसाळ स्त्राव अशीं चिन्हें उत्पन्न करूं शकतो, आणि उपचार न झाल्यास महिनेच्या महिने, कधीं वर्षेंहि राहतो. पुरुषाच्या मूत्रमार्गांत तो बहुधा गुपचूप बसतो. पुष्कळांना कांहींच होत नाहीं. पुरुषाच्या ठिकाणीं तो सांपडल्याची नोंद १८९४ पासून मिळते, म्हणजे स्त्रीपेक्षां जवळजवळ साठ वर्षें उशिरां. परिणाम असा होतो कीं तक्रार घेऊन येते ती स्त्री, चिठ्ठीवर नांव लागतें तें स्त्रीचें, आणि घरांत बोल लागतो तोहि तिलाच. नवरा म्हणतो, मला तर कांहीं झालेलें नाहीं. तो खोटें बोलत नसतो. त्याला खरोखरच कांहीं जाणवत नसतें. पण त्याच्या न जाणवण्याचा अर्थ लोक निर्दोषपणा असा करितात.

आतां ती परीक्षा कशी होते तें सांगूं. कारण इतकी स्वस्त व इतकी नाजूक परीक्षा वैद्यकांत दुसरी क्वचितच असेल. कापसाच्या बोळ्यानें स्त्राव घ्यावयाचा, तो काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या एका थेंबांत मिसळावयाचा (हें पाणी शेंकडा ०.८५ मीठ असलेलें, म्हणजे अश्रूंइतपत खारट असतें), वर पातळ कांचेचें झांकण ठेवावयाचें, आणि यंत्राखालीं सरकवावयाचें. प्रथम शंभरपट, मग चारशेंपट मोठें करून पहावयाचें. उजेड थोडा मंद ठेवावा लागतो, नाहीं तर पारदर्शक वस्तु दिसतच नाहींत. मैदानांत प्रथम दिसतात त्या त्वचेच्या मोठ्या, पसरट पेशी, फरशीचे तुकडे पडावे तशा. त्यांच्यामधून पांढऱ्या रक्तपेशींचे गोल ठिपके. या सर्व निश्चल गर्दींत एखादा ठिपका हिसके देत असतो. आकार पेरूसारखा, एका टोंकाला निमुळता. लांबी मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या भागाइतकी, म्हणजे जवळच्या रक्तपेशीहून किंचितच मोठी. पुढच्या टोंकाला चाबकासारखे चार तंतु असतात. पांचवा अंगाला चिकटून मागें वळतो, व त्याच्यामुळें एका बाजूचा पातळ पडदा लाटेसारखा हलतो. तो पोहत नाहीं, लटपटतो; जत्रेंत वाट काढणाऱ्या बुटक्या माणसासारखा धक्के देत, गिरक्या घेत पुढें सरकतो. एकदां पाहिलेला तंत्रज्ञ त्याची ती चाल जन्मांत विसरत नाहीं.

सारें निदान त्या चालीवर अवलंबून आहे, आणि अडचणहि तीच आहे. या प्राण्याला कवच नाहीं. आमांशाचा जंतु जसा कोषांत शिरून पडून राहतो तसें याला साधत नाहीं; तो वाळला कीं मेला, आणि गारठला कीं थबकला. थबकलेला ट्रायकोमोनास गोल होऊन बसला म्हणजे रक्तपेशीपासून त्याला वेगळें ओळखणें कठीण. म्हणून थेंब घेतल्यापासून दहापंधरा मिनिटांत पट्टी पाहिली पाहिजे. बुलढाणें गांव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलें. तेथल्या मार्गशीर्ष-पौषाच्या सकाळीं थंडगार काचपट्टीवर हा प्राणी किती वेळ हालेल याचा विचार काम करणारानेंच करावयाचा असतो. शहाणा तंत्रज्ञ पट्टी तळहातांत धरून ऊबदार करून घेतो. आणि सर्व कांहीं नीट केलें तरीहि जंतु असलेल्या शंभर स्त्रियांपैकीं साधारण पन्नास ते सत्तर जणींच्याच पट्टीवर तो दिसतो. बाकीच्यांना 'कांहीं नाहीं' असा कागद मिळतो.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न विसाव्या शतकांत झाले. पोषक द्रवांत त्याची पैदास करून मग पहावयाचें, ही एक युक्ति. पण योनिमार्गांतले इतर जंतु त्या द्रवांत त्याच्याआधीं माजत. १९४५ सालीं पेनिसिलिन घालून त्यांना मारण्यांत आलें व हा प्राणी एकटा वाढविला गेला. पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाहीं. १९५७ सालीं लुई डायमंड यानें तयार केलेला पोषक द्रव अजूनहि त्याच्याच नांवानें ओळखला जातो; त्यांत नमुना ठेवून पांच-सात दिवस वाट पहावी लागते. औषधाची कथा याहून चमत्कारिक आहे. १९५३ सालीं जपानांत मातींतील जंतूपासून अझोमायसिन नांवाचें एक द्रव्य मिळालें. त्याच धर्तीवर फ्रान्समध्यें तयार केलेलें मेट्रोनिडाझोल १९५९ त या रोगावर वापरांत आलें. आपल्या घरांत जुलाबावर दिली जाणारी 'फ्लॅजिल' ची गोळी ती हीच. एकवीसाव्या शतकांत प्राण्याच्या जनुकद्रव्याचीच प्रत काढून त्याचा माग लावणारी परीक्षा आली; अमेरिकेंत तिला २०११ त मान्यता मिळाली. ती शंभरांतल्या पंचाण्णवांहून अधिक स्त्रियांना ओळखते, तिला प्राणी जिवंत असावा लागत नाहीं, आणि नमुना स्त्रीनें स्वतःच्या हातानें घेतला तरी चालतो. तपासणीच्या टेबलावर चढण्याच्या लाजेनें ज्या कधीं दवाखान्याची पायरी चढल्या नाहींत त्यांच्या दृष्टीनें ही शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. पण ती यंत्रें महाग आहेत. तालुक्याच्या गांवीं या रोगाकरितां तीं सर्रास मिळत नाहींत.

म्हणून आजहि खरा प्रश्न उरतो तो डोनेच्याच परीक्षेचा, आणि त्याहून आधींचा एक: यंत्र कोठें ठेविलें आहे? रक्ताची बाटली पेटींत घालून जिल्ह्याच्या गांवीं पाठवितां येते. हा थेंब पाठवितां येत नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं संग्रामपूर व जळगांव जामोद, दक्षिणेकडे लोणार व सिंदखेड राजा असा बुलढाणें जिल्ह्याचा विस्तार. त्यांतल्या कोणत्याहि खेड्यांतली बाई दवाखान्यांत आली त्याच वेळीं, त्याच भिंतीआड यंत्र आणि तें पाहणारें माणूस असलें पाहिजे. आणि त्याआधीं ती बाई आली पाहिजे. आणि त्याहि आधीं तिला कोणीं तरी विचारलें पाहिजे.

तें विचारण्याचें काम विदर्भाच्याच दुसऱ्या टोंकाला झालें. बुलढाणें पश्चिमेच्या कडेला, गडचिरोली पूर्वेच्या. तेथें डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं १९८६ पासून 'सर्च' या संस्थेच्या द्वारें काम आरंभिलें. त्या वेळीं सरकारी आरोग्यखात्याच्या दृष्टीनें खेड्यांतली स्त्री म्हणजे बाळंत होणारी किंवा शस्त्रक्रियेनें मुलें थांबविणारी. तिला याखेरीज कांहीं दुखणें असेल ही कल्पना कागदोपत्रीं नव्हती. राणीबाई स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. दवाखान्यांत येणाऱ्या बायका मोजून भागणार नाहीं, कारण न येणाऱ्यांचें काय हाच तर प्रश्न. म्हणून दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची, तक्रार असो वा नसो, विचारपूस, अंतर्तपासणी व प्रयोगशाळेंतली परीक्षा करण्यांत आली. निष्कर्ष १९८९ च्या जानेवारींत लंडनच्या 'लॅन्सेट' मध्यें छापला. शेंकडा ९२ स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. दर स्त्रीमागें सरासरी ३.६. यांपैकीं निम्मे विकार जननमार्गांतल्या जंतुसंसर्गाचे. ट्रायकोमोनासची बाधा शेंकडा १४ जणींना. आणि ज्यांची पूर्वीं कधीं अशी तपासणी व उपचार झाले होते अशा स्त्रिया किती? शेंकडा ८.

हा शेवटचा आंकडा आम्हांला बाकी सर्वांहून बोलका वाटतो. त्यासोबत आणखी एक आहे: ६५० पैकीं शेंकडा ४५ स्त्रियांनीं आपणांस कांहींहि तक्रार नाहीं असें सांगितलें होतें. यांतल्या कित्येकींना खरोखरच कांहीं जाणवत नसेल. कित्येकींना बाईपणाचा भोग म्हणजे तक्रार नव्हे असें आईनें शिकविलेलें असेल. ही दुसरी गोष्ट कोणत्याहि काचपट्टीवर दिसत नाहीं. राणीबाईंनीं बायकांकडून जें ऐकलें त्यांतून पुढें 'कानोसा' हें मराठी पुस्तक झालें. ज्यांना आंकड्यांचा कंटाळा आहे त्यांनीं तें अवश्य वाचावें. १९९४ सालीं कैरो येथें लोकसंख्येवरील आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि स्त्रीचें प्रजनन-आरोग्य हा कुटुंबनियोजनाहून व्यापक असा विषय मानला गेला, तेव्हां गडचिरोलीच्या या कामाला पांच वर्षें झालीं होतीं.

यानंतर एक तडजोड आली. सर्वत्र यंत्र व तज्ज्ञ देणें शक्य नाहीं, मग चिन्ह पाहूनच औषध द्यावें, असें धोरण जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविलें व आपल्याकडेहि तें चालू झालें. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या योजनेंत सरकारी दवाखान्यांतून रंगारंगाचीं औषधांचीं पाकिटें मिळतात. अंगावरून जाण्यासाठीं हिरव्या रंगाचें. त्यांत ट्रायकोमोनासवरची गोळी आणि बुरशीवरची गोळी दोन्ही असतात, म्हणजे नेमकें कारण कळलें नाहीं तरी बहुतेक कारणांवर उपाय होतो. बाईला हात हलवीत परत पाठविण्यापेक्षां हें शतपटीनें बरें, यांत शंका नाहीं. पण जिला जंतु नाहीं तिच्या कपाळींहि यामुळें गुप्तरोगाचा शिक्का बसूं शकतो, आणि जिला तो आहे पण चिन्ह नाहीं ती सुटून जाते. यंत्र परवडत नाहीं म्हणून तें नको, हा युक्तिवाद आम्हांला पटत नाहीं. थुंकी तपासण्याकरितां क्षयरोगाच्या कार्यक्रमानें खेडोपाडीं सूक्ष्मदर्शकें नेलींच कीं. त्याच यंत्राखालीं मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावयास दमडीचाहि जादा खर्च नाहीं.

काचपट्टीची साक्ष खरी असली तरी ती किती दूरवर जाते हेंहि समजून घेतलें पाहिजे. प्राणी आहे, एवढेंच ती सांगते. तो केव्हां आला, कोणाकडून आला, हें सांगण्याचें सामर्थ्य तिच्यांत नाहीं. लग्नाआधींचा असेल, कित्येक वर्षांपूर्वींचा असेल, नवऱ्याकडून असेल, बायकोकडून असेल. तिच्यावरून कोणाच्या शीलाचा निवाडा करूं पाहणें म्हणजे ताराबाईंनीं ज्यांना झोडपलें त्या वर्तमानपत्रकारांच्या पंक्तीला बसणें होय. जाणता वैद्य म्हणूनच दोषाची भाषा बोलत नाहीं. तो दोघांना बोलावतो, कारण एकीलाच औषध दिलें तर आठपंधरा दिवसांत प्राणी दुसऱ्याकडून परत येतो. बाई येते, नवरा बहुधा येत नाहीं. आणि आला तरी त्याच्या नमुन्यांत हा प्राणी इतका विरळ असतो कीं साध्या यंत्राखालीं तो क्वचितच सांपडतो. तेव्हां त्याची वेगळी परीक्षा सहसा केलीच जात नाहीं. बायकोच्या पट्टीवर जें दिसलें त्याच्या आधारानेंच त्याच्या गोळ्यांची पुडी तिच्या हातीं दिली जाते, आणि ती पुडी घरीं नेऊन नवऱ्यापुढें ठेवण्याचें काम तिच्याकडेच राहतें.